वार पडायची वाट बघू नका. पहिला चीक वासराला, मग खर्वस

इस्लामपूर : गाय किंवा म्हैस व्याली की वाळवा-शिराळा भागात दोन गोष्टी अजून ठरलेल्या असतात. एक म्हणजे शेजारीपाजारी खर्वस जाणार. दुसरी म्हणजे घरातलं कोणीतरी जाणतं माणूस गोठ्याच्या दारातनं बजावणार, "वार पडल्याशिवाय वासराला लावू नका रं."

पहिली चाल चांगली आहे आणि ती टिकावी. दुसरी मात्र वासराच्या जिवावर उठते. दुग्धशास्त्रात आणि पशुवैद्यकात शंभर वर्षांहून जास्त काळ यावर काम झालंय, आणि त्याचा निकाल एकाच बाजूला पडतो. तरी गोठ्यात अजून वारेचीच वाट बघितली जाते. वार साधारण बारा तासांच्या आत पडते. रात्री दोनला व्यालेल्या गायीची वार सकाळी दहा-अकराला पडली तर त्यात वावगं काही नाही. पण तोवर वासरू आठ-नऊ तास उपाशी राहिलेलं असतं, आणि त्या आठ-नऊ तासांत जे जातं ते नंतर कितीही दूध पाजून भरून निघत नाही.

का निघत नाही, ते समजून घेण्यासारखं आहे.

माणसाचं बाळ आईच्या पोटात असतानाच आईच्या रक्तातली प्रतिकारद्रव्यं, म्हणजे ज्याला डॉक्टर अँटीबॉडी म्हणतात ती, वारेतून स्वतःच्या रक्तात घेतं. जन्माला येतानाच त्याच्याकडं थोडी शिदोरी असते. गायी-म्हशींचं तसं नाही. त्यांच्या वारेची रचना वेगळी आहे. आईचं रक्त आणि पोटातल्या वासराचं रक्त यांच्यामध्ये पेशींचे थर जास्त असतात. अन्नरस, प्राणवायू त्यातून जातात, पण प्रतिकारद्रव्याचे कण आकारानं मोठे, ते अडकतात. त्यामुळं वासरू जमिनीवर पडतं तेव्हा रोगांशी लढायला त्याच्या रक्तात जवळजवळ काहीच नसतं. आईनं ती सगळी शिदोरी कासेत साठवून ठेवलेली असते. तीच शिदोरी म्हणजे चीक.

आता यातली खरी गोम. हा चीक नुसता पोटात जाऊन भागत नाही. त्यातली प्रतिकारद्रव्यं न पचता, जशीच्या तशी, आतड्यातून रक्तात उतरायला लागतात. नवजात वासराच्या आतड्याला ही ताकद जन्मतः असते, पण ती तासातासानं कमी होत जाते. पहिल्या सहा तासांत ती चांगली असते, बारा तासांनी बरीच घटलेली असते आणि चोवीस तासांत संपते. त्यानंतर पाजलेला चीक अन्न म्हणून उपयोगी पडतो, आतड्याच्या आतल्या बाजूला थोडं संरक्षणही देतो, पण रक्तात उतरत नाही.

आणि त्या पहिल्या तासांत आतडं कोणालाच नीट अडवत नाही. वासरू कास हुडकत शेणानं भरलेले सड, मांड्या, भिंत चाटत सुटतं. त्यातले जंतूही त्याच वाटेनं आत शिरू शकतात. म्हणजे पोटात आधी चीक पोचतो का आधी शेण, अशी ही शर्यत असते. वारेची वाट बघणारा गोठेवाला नकळत शेणाच्या बाजूनं उभा राहतो.

हे ज्ञान आलं कुठनं, त्याची हकीकतही सांगण्यासारखी आहे. १८९२ मध्ये जर्मनीत पॉल एरलिख या शास्त्रज्ञानं उंदरांवर प्रयोग केले. विषाला सरावलेल्या माद्यांची पिल्लं साध्या माद्यांकडं आणि साध्या माद्यांची पिल्लं सरावलेल्यांकडं पाजायला दिली, आणि दुधातून आईची प्रतिकारशक्ती पिल्लाकडं जाते हे दाखवलं. गायीच्या वासरावरचा गाजलेला प्रयोग १९२२ चा, अमेरिकेतल्या थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल यांचा. त्यांनी काही वासरांना चीक पाजला, काहींना मुद्दाम न पाजता नुसत्या दुधावर ठेवलं. चीक मिळालेली जगली. न मिळालेल्यांतली बहुतेक काही दिवसांतच मेली, तीही आपल्या ओळखीच्या कारणानं, आतड्यातले जंतू रक्तात पसरून. आपल्याकडं वासरू चौथ्या-पाचव्या दिवशी पांढरी हगवण लागून मान टाकतं, तेव्हा "नजर लागली", "दूध बाधलं" असं म्हणतात. त्या हगवणीची सुरुवात बऱ्याचदा पहिल्या रात्रीच झालेली असते.

असं संशोधन दूर परदेशातच होतं असंही नाही. पेठ नाक्यावरनं महामार्गाला लागून सातारा मागं टाकला आणि खंबाटकी उतरून पुढं गेलं की शिरवळ लागतं. तिथं १९८८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि त्याला नाव आहे वाळवा तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रच्या क्रांतिसिंह नाना पाटलांचं. आपल्याच माणसाच्या नावाचं कॉलेज. पण तिथं शिकवलं जाणारं ज्ञान आपल्या गोठ्यापर्यंत पोचायला किती वेळ लावतं, हा प्रश्न बाकी राहतोच.

खर्वस घट्ट का होतो

घरातल्या बायकांना एक गोष्ट प्रयोगशाळेशिवाय ठाऊक आहे. पहिल्या धारेचा चीक असेल तर त्यात दूध मिसळावंच लागतं, नाहीतर खर्वस रबरासारखा होतो. दुसऱ्या दिवशीच्या चिकात दूध कमी घालावं लागतं. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसाचा चीक नुसता ठेवला तरी धड घट्ट बसत नाही.

हे असं का, तर चिकातली प्रथिनं. नेहमीच्या दुधातलं मुख्य प्रथिन उकळलं तरी दूध पातळच राहतं. पण प्रतिकारद्रव्यं आणि त्यांच्या जोडीची प्रथिनं उष्णतेनं अंड्यासारखी गोठतात. संकरित गायीच्या पहिल्या धारेच्या चिकात घन घटक साधारण २४ टक्के असतात, नेहमीच्या दुधात तेच १२ ते १३ टक्के. प्रथिनं चिकात १४ टक्क्यांच्या आसपास, दुधात तीन-सव्वातीन. आणि प्रतिकारद्रव्यं? पहिल्या धारेला सुमारे ६ टक्के, दुसरीला ४ च्या आसपास, तिसरीला अडीचच्या आत. नेहमीच्या दुधात ०.१ टक्का. म्हणजे साठपट फरक.

थोडक्यात, ज्या धारेचा खर्वस सगळ्यात घट्ट, तीच धार वासराला सगळ्यात जास्त उपयोगाची. "कवठासारखा घट्ट झालाय" म्हणून ज्या खर्वसाचं कौतुक होतं, ते कौतुक वासराच्या वाट्याचं असू शकतं. म्हणून खर्वस करू नये असं कोणताही डॉक्टर म्हणत नाही. क्रम तेवढा बदलायचा.

हिशेब साधा आहे. वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पहिल्या काही तासांत पोटात जायला हवा. संकरित गायीचं वासरू ३० ते ३५ किलोचं धरलं तर तीन-साडेतीन लिटर. यातला शक्य तेवढा पहिल्या एक-दोन तासांत, एका दमात पीत नसेल तर दोनदा करून, आणि बारा तासांच्या आत आणखी दोन लिटर. खिल्लारचं वासरू लहान, त्याला त्या मानानं कमी. चांगली संकरित गाय पहिल्या धारेला पाच-सात लिटर चीक देते. म्हणजे वासराचं पोट भरून शेजारच्या चार घरांचा खर्वस निघतो. म्हशीचा चीक लिटरमध्ये कमी भरतो, तिथं हात जरा आखडता घ्यावा लागेल. पहिली धार सगळी रेडकाला आणि खर्वस दुसऱ्या धारेपासनं, एवढं केलं तरी पुष्कळ.

वारेचं काय?

जुन्या माणसांचं म्हणणं असतं की वार पडायच्या आत पाजलं तर वार वर चढते, आत अडकते. शरीरशास्त्र नेमकं उलटं सांगतं. वासरू सड चोखतं तेव्हा गाय पान्हा सोडते. पान्हा सोडायला मेंदूतनं जे संप्रेरक रक्तात येतं, तेच संप्रेरक गर्भाशयालाही आवळतं. म्हणजे पाजल्यानं वार पडायला मदतच होते. वार अडकते ती वेगळ्या कारणांनी. विण अवघड झाली, जुळी झाली, दिवस भरायच्या आत व्याली, गाभडली, कॅल्शियम किंवा खनिजं कमी पडली, काही आजार होता. २४ तास उलटूनही वार पडली नाही तर डॉक्टरला बोलवायचं. स्वतः ओढायची नाही, वीट-दगड बांधून लोंबकळत ठेवायची नाही.

मग ही समजूत आली कुठनं? जुनी माणसं अडाणी होती म्हणून, असं म्हणणं सोपं आहे आणि चुकीचं. पूर्वी दावणीला खिल्लार असायची. वासरू गायीच्या पुढ्यातच बांधलेलं किंवा मोकळं असायचं. मालकानं नाही म्हटलं तरी ते दोन-चार घोट चोरून पीत असणार. त्यामुळं या चालीचा तोटा तेवढा दिसत नसावा. आता एचएफ संकरित गायीचं वासरू जन्मल्या जन्मल्या बाजूला काढून वेगळं बांधतात. त्याला चोरून प्यायची सोय नाही. ते पूर्णपणे माणसाच्या हातावर अवलंबून आहे, आणि माणूस वारेकडं बघत बसलाय.

दुसरी भीती असते, जास्त चीक पाजला की वासरू हगतं. चिकाची हगवण म्हणून जी म्हणतात ती पिवळसर, मऊ शी बहुतेक वेळा पोट साफ होण्याची असते. वासरू तरतरीत असेल, पीत असेल, तर घाबरायचं कारण नाही. पाण्यासारखी किंवा पांढरट, घाण वासाची, रक्त असलेली हगवण आणि खोल गेलेले डोळे ही लक्षणं वेगळी. तिथं वाट बघू नये.

हीच समजूत माणसांतही होती, ही ध्यानात घेण्यासारखी गोष्ट आहे. बाळंतिणीचं पहिलं चिकट, पिवळं दूध पिळून टाकायचं आणि बाळाला मध किंवा गुळाचं पाणी चाटवायचं, असं घरोघरी चालायचं. आशा ताईंनी आणि दवाखान्यांनी वर्षानुवर्षं सांगितल्यावर "तासाभराच्या आत अंगावर पाजा" हे आता गावात रुजलंय. जी आजी नातवाच्या वेळी हे मान्य करते, ती गोठ्यात वासराच्या वेळी मात्र वारेवर अडून बसते. गोठ्यासाठी आशा ताई नाही, हे त्याचं एक कारण म्हणता येईल.

दुसरं कारण जास्त टोचणारं आहे. जनावरांचं प्रशिक्षण, शिबिर, कंपनीचा मेळावा असला की खुर्च्यांवर बसलेले बहुतेक पुरुष असतात. डेअरीचं खातं, सभासदत्व, पशुवैद्यकाचा फोन नंबर, सगळं बहुतेक घरांत त्यांच्याच नावावर. आणि रात्री व्यालेल्या गायीजवळ बॅटरी धरून उभी कोण? वासरू पुसून कोरडं करणारी, त्याच्या तोंडात बोट घालून प्यायला शिकवणारी, खर्वसाचा चीक वेगळा काढणारी कोण? घरातली बाई. ज्यांच्या हातात चिकाचं भांडं, त्यांना शिबिराचं आवतण नाही. पहिली धार कुठं जाणार हे बऱ्याच घरांत सासू ठरवते. तिला न विचारता सुनेनं वासराला लावायचं म्हटलं तर घरात वाद होतो. तेव्हा हा लेख वाचणाऱ्यानं तो मोबाईलवर नुसता पुढं न ढकलता घरात मोठ्यानं वाचून दाखवला तर बरं.

डेअरी घेत नाही म्हणून

चिकाला बाजारभाव नाही ही एका अर्थानं वासराची चांदीच. अन्नसुरक्षा कायद्याच्या नियमांत दुधाची जी व्याख्या आहे, तिच्यात दूध चीकविरहित असलं पाहिजे असं स्पष्ट म्हटलंय. इस्लामपूरचा राजारामबापू दूध संघ असो, भिलवडीची चितळे डेअरी असो की गावातलं कुठलंही संकलन केंद्र, व्याल्यावरचे पहिले काही दिवस दूध घालता येत नाही. कारण वर आलंच. असा चीक टाकीत मिसळला तर दूध तापवताना फाटायची, यंत्राला गोठून चिकटायची भीती. म्हणजे त्या दिवसांतला चीक विकून कोणाचं घर चालत नाही. तो वासराला पाजल्यानं खिशाला खार लागत नाही.

तरी काही वासरांना तो मिळत नाही. संकरित गायीला खोंड झाला किंवा म्हशीला टोणगा झाला की घरात जो नाराजीचा सूर उमटतो, तो सगळ्यांना ठाऊक आहे. ट्रॅक्टर आल्यावर खोंडाला काम राहिलं नाही, आणि २०१५ पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. विकायची सोय नाही, पोसायची ऐपत नाही. मग त्याला चीक बेताचाच पाजला जातो. त्याचं मरण कोणी ठरवून करत नाही. ते दुर्लक्षानं होतं. या प्रश्नाचं उत्तर एका लेखात मिळणार नाही. पण एक व्यवहाराची गोष्ट सांगता येते. हगवण लागलेला खोंड त्याच गोठ्यात बांधलेला असतो, आणि त्याच्या हगवणीतले जंतू शेजारच्या कालवडीपर्यंत पोचतात.

उसाचं ब्रिक्स मीटर चिकालाही चालतं

आपल्या भागाला यात एक सोय आयती मिळालीय. ऊस पक्व झाला का हे बघायला कारखान्याच्या शेती विभागाची माणसं रसाचा थेंब टाकून जे नळीसारखं यंत्र डोळ्याला लावतात, ते ब्रिक्स मीटर. द्राक्षबागायतदारांकडंही ते घरोघरी असतं. जगभरच्या गोठ्यांत चिकाची प्रत बघायला हेच यंत्र वापरतात. स्वच्छ पाण्याच्या थेंबावर शून्य जुळवून घ्यायचं, पुसायचं, चिकाचा एक थेंब टाकायचा आणि उजेडाकडं धरून रेघ कुठं आली ते वाचायचं. रेघ २२ किंवा त्याच्या वर आली तर चीक चांगला. लिटरला ५० ग्रॅम प्रतिकारद्रव्य असा त्याचा अर्थ धरतात. त्याच्या खाली आली तर वासराला जास्त पाजायचा, आणि त्या वेताला खर्वसाचा विचार पुढं ढकलायचा. हा २२ चा आकडा गायीच्या चिकावर बसवलेला आहे. चीक घट्ट असल्यानं रेघ उसाच्या रसाइतकी लख्ख दिसत नाही, थोडी पुसट येते. नुसत्या पिवळ्या रंगावर किंवा दाटपणावर मात्र भरवसा ठेवू नये, दोन्ही फसवतात.

चिकाची प्रत ठरते ती मात्र व्यायच्या आधीच. शेवटच्या चार-पाच आठवड्यांत गाय रक्तातली प्रतिकारद्रव्यं कासेत उतरवते. म्हणून दोन महिने आधी आटवणं, त्या काळात वैरण-पेंडीला आणि खनिज मिश्रणाला हात न आखडणं, लाळ-खुरकुताची लस वेळेवर टोचलेली असणं, याचा परिणाम थेट चिकात उतरतो. बाजारातनं किंवा कर्नाटकातनं अगदी दिवस भरलेली गाय आणतात, तिच्या चिकात तिकडच्या गोठ्यातल्या रोगांची शिदोरी असते, आपल्या गोठ्यातल्या जंतूंची नसते. आणायचीच तर व्यायच्या महिना-दीड महिना आधी आणलेली बरी.

पाजताना सड कोमट पाण्यानं धुऊन पुसायचे, पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या सोडायच्या. वासरू उभं राहत नसेल तर चीक काढून स्वच्छ बाटलीनं, मान जास्त उंच न करता, त्याच्या गतीनं पाजायचा. घाईनं घशात ओतला तर फुफ्फुसात जातो आणि तिथंच घात होतो. बेंबी पिळून-पुसून आयोडीन लावायचं, तेही त्याच तासात.

खर्वसाबद्दलही दोन सूचना. गाय आटवताना सडात औषधाच्या ट्यूब सोडल्या असतील तर त्या चिकात औषध उतरलेलं असू शकतं. खर्वस वाटण्याआधी डॉक्टरला किती दिवस थांबायचं ते विचारायचं. आणि कच्चा चीक चाखायचा नाही, खर्वस आतपर्यंत नीट वाफवायचा. गाभडणाऱ्या जनावरांतला संसर्गजन्य गर्भपाताचा रोग कच्च्या दुधातून माणसाला होतो, आणि तो ताप महिनोन् महिने पिच्छा सोडत नाही.

चांगला चीक जास्त निघाला तर तो लिटर-लिटरच्या स्वच्छ बाटल्यांत भरून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवता येतो. शहरातल्या दुकानांत चायना ग्रास घालून खर्वस म्हणून विकतात, त्यापेक्षा हा साठा फार मोलाचा. एखादी गाय विताना दगावली, कासेला दगडी झाली, पहिलारूला चीकच उतरला नाही, तर शेजारच्या गोठ्यातली ही बाटली वासराला वाचवते. खर्वस घेऊन आलेलं भांडं आपल्याकडं रिकामं परत देत नाहीत, चिमूटभर साखर-गूळ तरी घालतात; तशी ही उसनवारीही सुरू करायला हरकत नाही, फक्त गाय निरोगी असल्याची खात्री हवी. बाटलीवर गायीची ओळख आणि तारीख लिहायची. वितळवताना बाटली कोमट पाण्याच्या बादलीत ठेवायची, हाताला सोसेल एवढंच पाणी गरम. गॅसवर ठेवायची नाही. साठ अंशाच्या वर गेलं की प्रतिकारद्रव्यं मरतात, आणि आणखी तापलं की बाटलीत खर्वस तयार होतो.